मुसळापायी केलेला टूल होल्डर

लेथवर कापायचं हत्यार धरणारा टूल होल्डर विकत मिळतो, हे मला माहीत आहे. उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये जो येतो तो लेथवर बसवलेला तो काळा ठोकळा बघतो आणि हेच ऐकवतो. विकतचा होल्डर मोठ्या मशीनच्या मापाचा असतो, माझ्या जुन्या लेथवर तो बसतच नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आता मी नुसतं 'व्हय' म्हणतो आणि काम चालू ठेवतो.

तो करावा लागला माझ्या थोरल्या बहिणीमुळं. अक्काच्या घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाचं यंत्र आहे. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात आणि खाली उखळात आदळतात. उन्हाळा लागला की दारात डब्यांची रांग लागते, कारण आमच्याकडं चटणी वर्षाची एकदाच होते. बायका मिरच्या वाळवून, मसाला भाजून आणतात आणि आपली चटणी पदरात पडेपर्यंत तिथून हलत नाहीत. आपल्या मिरचीत दुसरीची मिसळेल, असा प्रत्येकीला संशय असतो.

गेल्या मे महिन्यात कोडोलीची एक बाई नेलेली चटणी घेऊन परत आली. तिनं पांढरी बशी मागितली, तिच्यात चिमूटभर चटणी ठेवली आणि बोटानं ओढली. लाल पट्ट्यात बारीक काळी रेघ उमटली. अक्कानं स्वतः ओढून बघितलं, पुन्हा तेच. कुणी काही बोलायच्या आत तिनं यंत्र बंद केलं, त्या बाईला नवी चटणी करून द्यायचं कबूल केलं आणि मला फोन लावला.

"लोखंड पडतंय चटणीत. हातातलं ठेव आन् ये."

एका मुसळाचा वरचा दांडा ज्या बुशातून, म्हणजे धातूच्या नळीतून, वरखाली होतो, तिथं त्याला चरे पडले होते. तो बुशाला खरवडत होता आणि ती काळी पूड खाली उखळात पडत होती. नवा बुश करणं काही अवघड नव्हतं. पण चऱ्यांचा दांडा तसाच ठेवला असता तर त्यानं नवा बुशही खाल्ला असता. आणि दांडा होता कडक पाणी दिलेला. कानस लावली तर काचेवरून सरकल्यासारखी सरकायची. भट्टीत तापवून मऊ केला असता तर वाकडा झाला असता. ग्राइंडिंगवाल्याकडं कामाचा ढीग होता, आणि नवं मुसळ मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला असता.

दाजी गेल्यापासून अक्काचं घर त्या यंत्रावर चाललं आहे. चटणीत लोखंड निघतं, अशी बोलवा झाली असती तर पुढच्या उन्हाळ्यात तिच्या दारात एक डबा आला नसता. डबे अजून रांगेतच होते. थांबतो म्हणाल्या होत्या बायका, पण भाजलेला मसाला थांबत नाही, त्याचा वास उडतो. मला तेव्हा खरंच भीती वाटली होती.

एमआयडीसीतल्या एका दोस्तानं मला कधीतरी वापरलेल्या दोन टिपा दिल्या होत्या. टूलच्या टोकाला बसवायचे, कडक पोलाद कापणारे ते खास छोटे तुकडे. साधं टूल जिथं घासून बोथट होतं तिथं त्या कापत जातात. प्रत्येकीचा एकेक कोपरा शाबूत होता. तंबाखूच्या रिकाम्या डबीत त्या पडून होत्या, कारण त्यांना धरायला माझ्याकडं होल्डर नव्हता. मुसळ उतरवून शेडमध्ये आणलं, होल्डर आता करायचा होता.

भंगारातून ट्रकच्या तुटलेल्या अ‍ॅक्सलचा तुकडा आणला. शेजारच्या शेडमध्ये शेपिंग मशीनवर तो चौकोनी करून घेतला, एका टोकाला टिपेसाठी खाचा पाडला. ही टिप किंचित मान खाली घालून बसावी लागते, आणि तिच्या बुडाखाली कुठंही पोकळ राहून चालत नाही. पोकळ राहिलं की दाब आल्याबरोबर तुटली. त्यासाठी मी तेलात शेंदूर कालवला, खाच्याला बोटानं लावला आणि टिप दाबून उचलली. टिपेच्या बुडाला शेंदूर जिथं लागला, तिथं खाचा उंच. तेवढंच कानसायचं आणि पुन्हा दाबून बघायचं.

नेमकी त्या वेळी अक्का आली. लुगड्यात मुरलेली मिरची बरोबर घेऊनच आली, त्यामुळं शेडमध्ये मला आणि शेजारच्याला शिंका सुरू झाल्या.

"माझं मुसळ तसंच पडलंय आन् तू शेंदूर काय लावत बसलाईस?"

"माप बघायलोय, अक्का. तू घरला जा."

"न्हाय जात. मी हितंच बसतो," म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

पहिल्यांदा होल्डर टूलपोस्टच्या, म्हणजे लेथवरच्या त्याच्या पकडीच्या, बाहेर जरा जास्त काढला होता, म्हणून तो थरथरला. टिप दांड्याला लागली तशी लेथ किंचाळला. मी घाईनं टूल मागं घेतलं. कोपरा वाचला होता. अक्कानं कानांवरचे हात काढले आणि स्टूल जरा मागं सरकवलं, ते मला लागलं. होल्डर आत घेतला, आवळला, पुन्हा लावला. या वेळी आवाज गेला आणि दांड्यावरून लालभडक तापलेला कीस निघायला लागला.

"आग लागली की रं," अक्का पाण्याची बाटली घेऊन उठलीच.

मग मी तिला व्याख्यान दिलं. ह्या टिपेला पाणी चालत नाही, तेल चालत नाही. उष्णता किसाबरोबर निघून जाते, ती जाऊ द्यायची. तापलेल्या टिपेवर थेंब पडला तर तडकते. तेव्हा ती पाण्याची बाटली लांब ठेव. अक्कानं गुमान बाटली दाराबाहेर नेऊन ठेवली. आणि मी, उभा जन्म लेथवर गेलेला माणूस, लाल कीस बघितला, तेलपाण्याच्या डब्यातला ब्रश उचलला आणि टूलवर फिरवला. हात आपसूकच गेला. टक्कन आवाज झाला आणि कोपरा उडाला.

"तू मधी बोलतीस म्हणून झालं हे," मी ओरडलो.

"मी कवा बोललो?"

बोलली नव्हती. तिनं फक्त उठून तो तेलपाण्याचा डबा उचलला आणि बाहेर बाटलीशेजारी ठेवला.

आता एकच टिप राहिली होती. ती बसवताना स्क्रू आवळायचा मला धीर होईना. हळू हळू, केसाएवढा कट घेत गेलो. ब्रशाचा हात मागं पँटच्या खिशात कोंबला होता आणि एका हातानं चाक फिरवत होतो. चरे पुसट होत गेले, शेवटचाही गेला. दांडा चकचकीत झाला, त्यावरून नख फिरवलं तर कुठं अडकत नव्हतं. त्याच्या मापाचा नवा बुश केला आणि आम्ही दोघं मुसळ रिक्षात घालून अक्काच्या घरी गेलो.

यंत्र जोडून चालू केलं. मी म्हणालो, कुणाच्या तरी मूठभर मिरच्या टाकून बघू. अक्का म्हणाली, "दुसऱ्याच्या कशाला?" तिनं आतून स्वतःचा डबा आणला. तिच्या घरची चटणी दरवर्षी सगळ्यात शेवटी होते, रांग संपल्यावर. त्यात वर्षाच्या मिरच्या होत्या, भाजलेला मसाला होता. मी मध्ये पडायच्या आत तिनं अख्खा डबा उखळात ओतला.

"अगं, मूठभर चाललं असतं की."

"मुठीत कळत न्हाय."

बिघडलं असतं तर तिचं वर्ष गेलं असतं. सबंध दिवस मला टोचून बोलणाऱ्या माझ्या बहिणीनं माझ्या कामावर वर्षाची चटणी लावली होती, आणि मी तिथं पोरासारखा बशी धरून उभा होतो. चटणी झाली. तिनं ती बशीत बोटानं ओढली. नुसती लाल. पुन्हा ओढली. लालच. दारातल्या बायकांना तिनं बशी दाखवली आणि पहिला डबा आत घेतला.

मी निघालो तेव्हा तिनं त्या चटणीतली अर्धी माझ्या हातात दिली.

"वर्सभर खा. काळं निघालं तर पयलं तुझ्या ताटात निघू दे."

आता डब्याच्या तळाला थोडीच उरली आहे. जेवायला बसलो की मी अजून बशीत चिमूटभर चटणी ओढून बघतो, घरातले हसतात. काळं कधी निघालं नाही. हे मी अक्काला सांगितलेलं नाही आणि तिनंही विचारलेलं नाही. रोज तीही आपली बशी बघत असणार.