‘दहन’च्या पुढे दोन शब्द

शुक्रवारी दुपारी विधानसभेत आमची दुरुस्ती असलेलं बिल पुकारलं गेलं तेव्हा आमचे साहेब सभागृहात नव्हते. मी लातूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून कामकाज लाइव्ह बघत होते. पाच मिनिटांपूर्वी त्यांच्या पक्षाने सभात्याग केला होता, तोही भलत्याच विषयावरून. सभात्याग म्हणजे निषेध म्हणून सगळ्यांनी उठून बाहेर जाणं. बाहेर कॅमेरे असतात. बिलं आत असतात.

मी फोन लावला. उचलला नाही. ‘साहेब, आत जा, आपली दुरुस्ती आहे’ असा मेसेज टाकला. पडद्यावर मंत्री उभे राहिले, दोन वाक्यं बोलले. अध्यक्षांनी दुरुस्तीसाठी साहेबांचं नाव घेतलं, रिकाम्या बाकाकडे बघितलं आणि पुढे गेले. दुरुस्ती ज्याच्या नावावर असते त्याने ती उभं राहून मांडावी लागते. नाही मांडली तर गळते. आमची गळली. चार मिनिटांत बिल मंजूर.

शेजारच्या खुर्चीत शिवलिंगअप्पा बसले होते. ते शिरूर अनंतपाळहून सकाळच्या एसटीने आले होते. त्यांनी विचारलं, "झालं का, म्याडम?"

मी म्हटलं, "बिल झालं. आपलं राहिलं."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुन्हा घातली.

मी एका आमदारांची पीए आहे. त्याआधी सहा वर्षं लातूरच्या कोर्टात ज्युनिअर वकील होते, त्यामुळे अधिवेशन लागलं की बिलांच्या प्रती वाचायचं काम माझ्याकडे येतं. साहेब अधिवेशनाला नागपुरात असतात आणि मी लातुरात. अप्पांचं शिरूरला हार्डवेअरचं दुकान आहे. आठवड्यापूर्वी ते पहिल्यांदा आले, ते खरं तर वेगळ्याच कामासाठी. त्यांच्या लिंगायत समाजाच्या दफनभूमीकडे जाणारी वाट चिखलात जाते, तिथे मुरूम टाकून पाहिजे होता. अर्ज घेताना मला टेबलावरचं बिल आठवलं.

बिल चांगलं होतं. गावोगावच्या स्मशानभूमीची सातबाऱ्यावर नोंद नसते, ती एका वर्षात करून घ्यायची, म्हणजे पुढे कुणी अतिक्रमण करणार नाही. ज्या जागेची नोंद होणार नाही ती साधी सरकारी जमीन धरली जाईल आणि दुसऱ्या कामाला देता येईल. मात्र व्याख्येच्या कलमात लिहिलं होतं, ‘स्मशानभूमी म्हणजे मृतदेहाच्या दहनासाठी वापरली जाणारी जागा’. ज्या कब्रस्तानांना वेगळा कायदा आहे, त्यांना या बिलातून वगळलं होतं. अप्पांचा समाज दोन्हींच्या मधे पडत होता.

मी ते वाक्य अप्पांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले होते, "आमच्यात जाळत न्हाईत, म्याडम. माणूस बसवून पुरतेत. मग आमची जागा कशात धरायची?"

त्यांच्या गावची दोन एकर जागा गायरानात होती, कुठेही नोंद नव्हती, आणि तिथे वीज उपकेंद्र करायचा प्रस्ताव तालुक्याला आधीच पडून होता. अप्पांची बायको मागच्या साली गेली, ती तिथेच आहे. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्यासोबत आलेल्या पुतण्याने सांगितलं. मग मी दुरुस्तीची सूचना तयार करून साहेबांच्या सहीने वेळेत दिली होती. बाकी वर सांगितलंच.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. ते ओशाळले होते आणि म्हणून चिडलेही होते. पक्षाचा आदेश होता, आपण काय करणार, असं दोनदा म्हणाले. मी सांगितलं की अजून एक दार उघडं आहे. आपल्याकडे दोन सभागृहं आहेत. विधानसभेत मंजूर झालेलं बिल विधान परिषदेत जातं. तिथे बदल झाला तर ते पुन्हा विधानसभेकडे येतं. परिषदेत हे बिल सोमवारी होतं. अधिवेशन बुधवारी संपत होतं.

परिषदेत आमच्या भागातल्या एकच सदस्य. मूळच्या कंधारच्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आता नांदेडला राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. आणि त्या सत्ताधारी पक्षाच्या. मागच्या निवडणुकीत साहेबांच्या विरोधात त्यांनी गावोगाव सभा घेतल्या होत्या. त्या शनिवार-रविवार नांदेडला येणार, हे मी विचारून ठेवलं होतं.

बाईंना भेटावं लागेल, असं मी साहेबांना सांगितलं. मग साहेब म्हणाले, "कल्पनाताई, तुम्हाला शनिवारी सुट्टी असते ना?"

"हो."

"मग सुट्टीत तुम्ही कुठं जाता ते मला सांगायची गरज नाही."

शनिवारी सकाळी अप्पा आणि मी नांदेडच्या बसमध्ये बसलो. अहमदपूरला बस अर्धा तास थांबली, टायर बघायला. मी खाली उतरत होते, वर चढत होते. अप्पा खिडकीशी स्वस्थ बसलेले. त्यांना नवं धोतर नेसून आलेलं पाहून मलाच जास्त अस्वस्थ वाटत होतं. काम झालं नाही तर हा माणूस मला काही बोलणार नव्हता, आणि तेच अवघड होतं.

बाईंच्या घरी गर्दी. लग्नपत्रिका द्यायला आलेले, बदलीसाठी आलेले, नुसतेच आलेले. त्यांच्या माणसाने मी कुणाच्या ऑफिसातली ते ओळखलं आणि आमचं नाव यादीत खाली गेलं. तीन तास गेले. शेवटी बाई स्वतःच बाहेर आल्या, अप्पांकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दुपारपासून बसलाव. आत या."

त्यांनी चष्मा लावून व्याख्या दोनदा वाचली. आमची दुरुस्ती अर्ध्या पानाची होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.

"एवढं कशाला लिहिलंत? ‘दहन’च्या पुढे ‘किंवा दफन’. संपलं. मंत्री लांब दुरुस्ती बघितली की घाबरतात."

मी विचारलं, तुम्ही मांडाल का. त्या म्हणाल्या, नाही. आपल्याच मंत्र्याच्या बिलावर दुरुस्ती मांडायची म्हणजे मंत्र्याला नापास करणं. पण प्रश्न विचारायला कुणाची बंदी नाही. उत्तर देता आलं नाही, तर दुरुस्ती सरकारच आणेल. एक अट घातली. हा एका गावाचा प्रश्न नाही हे दाखवायला, रविवारी त्या नागपूरच्या गाडीत बसण्याआधी गावांची यादी पाहिजे, गट नंबरासकट.

निघताना त्यांनी अप्पांना विचारलं, "तुमचं कोण हाय तिथं?"

अप्पा म्हणाले, "मालकीण."

बाईंनी मान हलवली.

परतीच्या बसमध्ये आम्ही फोन लावत बसलो. अप्पांच्या ओळखी उदगीरपासून देगलूरपर्यंत होत्या, कारण त्या पट्ट्यातले निम्मे दुकानदार त्यांच्या नात्यात. गावाचं नाव ते सांगायचे, गट नंबर मी तलाठ्यांना विचारायचे. काही तलाठ्यांनी उचललंच नाही. एकाने सुट्टीच्या दिवशी फोन केला म्हणून सुनावलं, आणि तासाभराने नंबर मात्र पाठवला. रविवारी दुपारपर्यंत त्रेचाळीस गावं झाली. यादी पाठवली. बाईंचं उत्तर आलं, ‘ठीक’.

सोमवारी ऑफिसात अप्पा, मी आणि तोच कॉम्प्युटर. परिषदेत बिल चारनंतर आलं. बाई उभ्या राहिल्या. यादी हातात धरली, वाचली नाही.

"माननीय मंत्र्यांनी एवढंच सांगावं," त्या म्हणाल्या, "या त्रेचाळीस गावांत उद्या लिंगायत माणूस वारला, तर या कायद्याप्रमाणे त्याला कुठे न्यायचं?"

मंत्री उठले आणि तेवढ्यात आमचं चित्र अडकलं. मंत्र्यांचं तोंड अर्धवट उघडं, आणि मधे गोल फिरणारी खूण. मी केबल काढून घातली, मोबाइलवर लावून बघितलं, बाहेर जाऊन रेंज शोधली. परत आले तोवर दुसरंच बिल चालू होतं. संध्याकाळी सहापर्यंत काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी साहेबांचाच फोन आला. मंत्र्यांनी बिल तासभर बाजूला ठेवलं होतं, सचिवांना बोलावलं होतं, आणि ‘किंवा दफन’ ही दुरुस्ती स्वतःच मांडून मंजूर करून घेतली होती.

मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." मग भिंतीकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसले. मी कागद आवरत राहिले.

बुधवारी, शेवटच्या दिवशी, बिल पुन्हा विधानसभेत आलं. या वेळी साहेब सकाळपासून बाकावरून हलले नाहीत. त्यांनी दुरुस्तीला पाठिंबा देणारं छोटं भाषणही केलं. बिल दुरुस्तीसकट मंजूर झालं. पुढच्या आठवड्यात शिरूरच्या चौकात त्यांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. दुसऱ्या दिवशी समोर बाईंचा लागला. अप्पांचा कुणी लावला नाही, आणि त्यांनाही तो नको होता.

गोष्ट इथे संपायला हवी होती. चार महिन्यांनी अप्पांचा फोन आला की तलाठी नोंदीचा फॉर्म घेऊन आले आहेत आणि त्यावर रकाना एकच आहे, ‘दहनासाठी वापर : होय / नाही’. फॉर्म बिलाच्या पहिल्या मसुद्यावरून आधीच छापून ठेवले होते. ‘नाही’ लिहिलं तर जागा जाते. ‘होय’ लिहायला अप्पा तयार नव्हते, कारण ते खोटं होतं. मी राजपत्राची प्रत तलाठ्यांना पाठवली. त्यांनी ती वाचली, फॉर्म खाली-वर बघितला, आणि शेऱ्याच्या जागेत पेनने ‘दफनासाठी वापर, होय’ असं लिहून सही केली. त्यावर सातबाऱ्याला नोंद लागली. उपकेंद्र गावाच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

सुधारलेला फॉर्म अजून आलेला नाही. आता एखादं बिल मंजूर झालं की मी कुणाला अभिनंदनाचा फोन करत नाही. आधी त्याचा फॉर्म मागवते.