पहिलं विरजण

आमच्या बसवनगुडीच्या घरात वरच्या खोलीत राहून गेलेल्या नागपूरच्या मुलाइतका कामसू आणि तितकाच बिनकामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पस्तिशीचा होता, पण मी मुलगाच म्हणते. पृथ्वीवर जीव नव्हता तेव्हा तो आला कसा, हे शोधायची त्याला नोकरी होती, आणि इडली खातानाही तो त्याच काळात असायचा. मी पालक चिरायला बसले की म्हणायचा, "अक्का, मागे मागे गेलं तर तुम्ही आणि हा पालक एकाच घराण्यातले." मी म्हटलं, "मग चिरल्यावर सुतक पाळू का?" त्यावर त्याने खरोखर विचार केला. एकदा ऑटोवाल्याला मोडक्या कन्नडमध्ये हेच समजावत बसला. तो बिचारा "सरी सर, सरी सर" म्हणत होकाराची मान डोलवत दोन गल्ल्या पुढे घेऊन गेला.

गच्चीवर त्याच्या सहा काचेच्या बशा असत. त्यांत चिकणमाती, क्षार आणि कसल्या कसल्या पावडरी. सकाळी उकळून गार केलेलं पाणी घालायचं, सैल काचेच्या झाकणाखाली उन्हात वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. प्रयोगशाळेतल्या यंत्राची ऊब त्याला चालत नसे, खरं ऊन पाहिजे. ओलं-सुकं होता होता बारके कण एकमेकांना धरतात, त्यांच्या साखळ्या होतात; जीव येण्याआधी डबक्यांत असंच झालं असावं, असं त्याचं म्हणणं. शंभर दिवसांनी बशा तपासायच्या होत्या आणि त्यावर त्याची नोकरी पुढे चालणार की संपणार ते ठरणार होतं.

नव्वदाव्या दिवशी तो तापाने पडला. "अक्का, फक्त पाणी घाला आणि झाकण लगेच लावा," म्हणाला. मी पाणी घातलं. बघते तर तीन महिन्यांत काही धरलेलं नाही, नुसता चिखल. विरजणाशिवाय काही लागलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. दया आली. चमचा चमचा ताक घातलं, सहाही बशांत. भेदभाव मला जमत नाही.

संध्याकाळी मीच कौतुकाने सांगितलं. तो जिन्यातच बसला.

"ताक?"

"ताजं होतं."

"अक्का, ताकात जिवंत जंतू असतात. आता बशीत काहीही सापडलं तरी ते तुमच्या ताकाचंच म्हणतील."

"जीव हवा होता ना तुला? मिळाला. विरजणाशिवाय कुठे काय होतं?"

"मग पहिलं विरजण कुणी घातलं, अक्का?"

मी आत जाऊन त्याच्यासाठी पेज ठेवली.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना त्याने सांगितलं, झाकण लावायचं आपल्याकडूनच राहिलं. मी येऊन खरं काय ते सांगते म्हटलं, तर म्हणाला, "नको, तुम्ही त्यांनाही ताक पाजाल." नोकरी संपली. नागपूरला एका कॉलेजात शिकवायची मिळाली.

निघाला तेव्हा ऑटो दारात उभी होती. माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं; सवय नाही. "वरचा नळ नीट बंद केलास का?" एवढंच बाहेर पडलं.

"केला, अक्का."

मी दारातून हलले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, बॅग खाली ठेवली आणि पुन्हा वर जाऊन नळ बघून आला.