रुखवत कोणी केलं?

आमच्या घरी पंधराएक वर्षं एक धंदा चालला आणि त्याची पाटी कधी दारावर लागली नाही. लावताच आली नसती. लावली असती, तर दुसऱ्या दिवशी एकही गिऱ्हाईक फिरकलं नसतं.

माझी आई रुखवत करून विकायची. लग्नात मांडवाच्या कडेला टेबलं लावून नवरीच्या हातचं काम मांडतात, आणि वरपक्षाच्या बायका येऊन ते उचलून, उलटून, नखानं खरवडूनसुद्धा बघतात. नवरीनं ते स्वतः करावं हा रिवाज. आता मला सांगा, जी मुलगी सकाळी सातच्या बसनं कॉलेजला जाते आणि दुपारी शिवणक्लासला, ती सुपारीचे भटजी आणि तांदळाचा गणपती करणार कधी? पण सासरी सांगायचं हेच की, आमच्या पोरीनं केलं. मधल्या फटीत माझी आई बसली होती.

आम्ही सिंदी मेघेला राहत होतो. बाबा वर्ध्यात एका कापडदुकानात कामाला होते. येताना साटीनच्या कातरणी आणायचे, कारण आईला त्यातून काही ना काही करायची खोडच होती. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. शेजारच्या काकूंची मुलगी नर्सिंगला होती, लग्न ठरलं, आणि काकू रडकुंडीला आल्या. आईनं पंधरा दिवसांत सगळं रुखवत करून दिलं. मी तेव्हा सहावीत असेन. मांडवात बायका नवरीच्या हनुवटीला हात लावून म्हणत होत्या, "काय वं बाई हात हाय पोट्टीचा!" मी आईचा पदर ओढून म्हटलं, "पण हे तर तू केलं!" आईनं हसत-हसत माझ्या दंडाला असा चिमटा काढला की, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, शेजारच्या ताईची पाठवणी म्हणून रडतेय. गुणाची पोरगी!

महिनाभरात हिंगणघाटहून एक बाई मागच्या दारानं आली. "तुमच्या शेजारणीनं सांगतलं. पण कोणाले बोलू नका, बाप्पा." मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या मागच्या दारानं, सगळ्या भर दुपारी, गल्ली निजलेली असताना. माल जायचा बिस्किटाच्या रिकाम्या खोक्यात, वरून जुनं धोतर गुंडाळून. बघणाऱ्याला वाटावं, बाई माहेराहून वड्या-पापड घेऊन चालली.

आणि आईचा कायदा कडक. बाजारात गिऱ्हाईक दिसलं तर आपण होऊन ओळख द्यायची नाही. कोणाच्या लग्नाचं बोलावणं आलं तर जायचं, जेवायचं, आणि रुखवताच्या टेबलाजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. मला हे काही पटायचं नाही. माझा स्वभाव आधीच तिखट. मी म्हणायची, "तू मरमर करते अन् कौतुक त्या बायांचं?" त्यावर आई म्हणायची, "मंग? लेकीबाईच्या संसाराची गोष्ट असते ते. आपलं तोंड उघडलं का तिचं आयुष्यभर तोंड बंद." पण एकदा, हातातलं काम खाली न ठेवता, ती हळूच बोलून गेली, "एखादीनं माह्या तोंडावर म्हणावं ना, बाई, तुमचं काम चांगलं. एकदा. बस."

ते मला फार लागलं. 

तिची नामी वस्तू म्हणजे सुपाऱ्यांचा बँड. सुपारी फरशीवर घासून तिची बैठक करायची, दुसरी सुपारी डोक्याला, अंगात लाल साटीनचा कोट, डोक्यावर टोपी, आणि झाडूच्या काडीनं काढलेले नाक-डोळे. बारा जणांची पार्टी. सगळे समोर बघणार, आणि एक ढोलवाला मात्र मान वळवून पंगतीकडे बघणार. प्रत्येक बँडमध्ये. "हा असा काऊन?" मी विचारलं, तर म्हणे, "त्याले भूक लागली." नाव लिहायची सोय नव्हती ना, तर ती त्या ढोलवाल्याची मान वळवून ठेवायची. असं माझं मत. ती कधी कबूल झाली नाही.

नवं शतक लागलं त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, वडनेरचं घर, शेती आणि किराण्याचं दुकान. आईनं सहा महिने बाहेरचं एकही काम घेतलं नाही. "आतापर्यंत लोकाच्या पोरींचं केलं, आता माह्या पोरीचं." नारळाच्या वाटीत जिवतीचं चित्र, डाळींचं तुळशीवृंदावन, पोतीच्या मण्यांचा रथ. आणि बँड तर असा की, बाबा दुकानातून अख्खा मीटरभर साटीन घेऊन आले होते, कातरण नाही. मी म्हटलं, निदान माझ्या लग्नात तरी लोक म्हणतील की, आईनं केलं. मी सांगणारच होते. मला कुठं खोटं बोलायचं होतं!

लग्नाच्या दिवशी मुंडावळ्या बांधून मी मांडवाच्या बाजूच्या खोलीत बसले होते. मधे नुसता पडदा. रुखवताचं टेबल पलीकडेच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. वरपक्षाच्या बायका आल्या, अगं बाई, अवं माय झालं, आणि मग माझ्या होणाऱ्या सासूबाईंचा आवाज आला, "हे तं आपल्या थोरलीच्या रुखवतातलंच हाय!"

थोरली म्हणजे माझी होणारी जाऊ, आष्टीची. तिचं लग्न माझ्या तीन वर्षं आधीचं. तिचा तसाच बँड सासरी काचेच्या कपाटात ठेवला होता, आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं की, थोरलीनं तो चार महिने बसून स्वतःच्या हातानं केला.

"ढोलवाला पाह्य ना, तोही तसाच उलटा!" चुलतसासूबाईंना तर उकळी फुटली. "बाजारात नक्कल भेटते वाटते आता. हे विकतचं हाय, वहिनी. मी लिहून देतो."

पडद्याच्या फटीतून मला आई दिसत होती. हातात अत्तरदाणी. तिच्या बरोबर समोर एक बाई उभी होती, जाऊबाईंची आई. आष्टीहून खास लग्नाला आलेली. तिच्या तोंडाचा रंग पार उडाला होता. मला काहीच कळलं नाही, पण आईला एका नजरेत कळलं. तीन वर्षांपूर्वी दुपारच्या एसटीनं येऊन हीच बाई खोकं घेऊन गेली होती. मुलगी कुठल्या घरी दिली ते गिऱ्हाइकं सांगत नसत आणि आई विचारत नसे. त्या कायद्यानंच घात केला.

"खरं सांगा, इहीणबाई," सासूबाई हसून म्हणाल्या. वाईट मनानं नाही, चारचौघींत गंमत म्हणून. "पोरीनं केलं का विकत आणलं?"

एक शब्द. आईनं नुसतं "मी केलं" म्हटलं असतं, तर बायकांनी दोन्ही बँड जोडून पाहिले असते आणि थोरली त्याच मांडवात उघडी पडली असती. मी पडद्याआडून मनात ओरडत होते, बोल, बोल ना गं!

आई म्हणाली, "विकतच आणलं. पोट्टी कॉलेजात, अन् मले तं असलं काही येत नाई."

बायका खो-खो हसल्या. चुलतसासूबाई म्हणाल्या, "सांगतलं नव्हतं का मी!" आईही त्यांच्यात हसली आणि अत्तर लावत पुढे गेली. माझ्या अंगाची लाही-लाही झाली. पाठवणीच्या वेळी मी आईच्या गळ्यात पडून रडले, ते सासरी जायचं म्हणून नाही, संतापानं रडले. तिच्या कानात विचारलं, "काऊन केलं असं?" तेव्हा तिनं सांगितलं, खोकं कोणाचं होतं ते. वर दटावलं, "अन् तू तिथं एक शब्द बोलशील तं माह्यी शपथ."

झालं! शपथ घालून मला त्याच घरात पाठवलं.

सासर वाईट नव्हतं. पण नाव पडलं ते पडलं. कोणी पाहुणी आली की, कपाट दाखवायचं, "हा थोरलीनं केलेला, अन् हा धाकटीचा, विकतचा." दोन्ही शेजारी-शेजारी. माझ्या आईची चोवीस माणसं एका फळीवर, आणि त्यातलं एकही तिच्या नावावर नाही. जाऊबाई माझ्याशी बहिणीसारखी वागायची. मला दिवस गेले तेव्हा तिनं मला घागर उचलू दिली नाही. मी मात्र तिच्याशी फटकून बोलायची. ती चहा द्यायची, मी म्हणायची, ठेवा तिथं. तिला कारण ठाऊक होतं, तिच्या आईनं सांगितलंच असणार, आणि मला ठाऊक होतं की, तिला ठाऊक आहे. आज वाटतं, बिचारीची काय चूक होती? खोकं तिनं थोडंच आणलं होतं? पण तेव्हा माझं डोकं कुठं ठिकाणावर होतं!

दोन वर्षांनी नणंदेचं लग्न निघालं. सासूबाई म्हणाल्या, "रुखवताची काळजी नाई. थोरली करन."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. म्हटलं, आता बघू. दुसऱ्या दिवशी जाऊबाई मोरीपाशी मला गाठून म्हणाली, "तुह्या आईले सांगून गुपचूप करून आणशील का वं?"

मी भांडं आपटलं. "आणते ना. तिले सवय हाय. मांडवात नाक कापून घ्यायचीही सवय हाय तिले."

ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या अंगणात कुरडया टाकत होतो, सासूबाई, चुलतसासूबाई, नणंद, शेजारच्या दोघी. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, सुपाऱ्या किती आणायच्या ते सांगून ठेव." जाऊबाईनं सोऱ्या खाली ठेवला.

"मले येत नाई, आत्याबाई. कधीच येत नव्हतं. माह्यंही रुखवत हिच्या आईनं केलतं. माह्या आईनं विकत आणलतं. मांडवात मले वाचवासाठी त्या खोटं बोलल्या."

 मी तर मान वर केली नाही. सासूबाई उठल्या, ओल्या हातानंच आत गेल्या, कपाटातले दोन्ही ढोलवाले घेऊन बाहेर आल्या आणि उन्हात धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. मग म्हणाल्या, "अवं माय. एवढ्या कलेची बाई, अन् मी तिले भर मांडवात हसलो." थोरलीला रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं जाजो. सांगजो, मी सोता येणार हाय रुखवत सांगाले. पुढच्या दारानं येणार हाय."

त्या रात्री मी जाऊबाईच्या ताटात आग्रहानं वाढलं. माफी मागायला मला येत नाही, पोळीवर तूप तेवढं वाढता येतं.

दुसऱ्या दिवशी सिंदी मेघेला गेले. आई ओसरीवर सुपाऱ्या घासत बसली होती. मी चप्पल काढता-काढता सांगितलं की, सगळं उघड झालं. तिच्या हातातली सुपारी घरंगळली. "तू सांगतलं? शपथ मोडली? अवं, त्या पोरीचं काय होईन आता?"

"मी नाई. तिनंच सांगतलं. सगळ्यांसमोर. तिले कोणी काही म्हटलं नाई."

आईनं पदरानं हात पुसले, उगाच पुन्हा पुसले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अन् सासू काय म्हणे?"

मी सांगितलं, एवढ्या कलेची बाई.

"असंच म्हणे? एवढ्या कलेची?"

"असंच."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. ढोलवाला उन्हात धरला तेही सांगितलं. आई रडत होती आणि रडताना हसत होती, आणि मला म्हणत होती की, हळू बोल, शेजारी ऐकतील. मग स्वतःच उठून दारात गेली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बाबांना हाक मारली, "अहो, इकडं या! पोट्टी आली, ते काय सांगून राह्यली ऐका." बाबा आले, तसं तिनं त्यांना हात धरून खाली बसवलं आणि मला म्हणाली, "हं, आता पह्यलेपासून सांग."