अप्पांचं विलायती मीठ

डॉक्टरला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. माझा दवाखाना ठाण्यात आणि सासुरवाडी कल्याणात, त्यामुळे दोन्हीकडून भर पडत असते. आज फक्त सासऱ्यांचेच सांगतो, म्हणजे तुम्हाला वेळेवर जेवायला जाता येईल.

सासरे म्हणजे अप्पा, मामलेदार कचेरीतले पेन्शनर. त्यांचा सगळा जीव विलायती मिठात, म्हणजे एप्सम सॉल्टमध्ये. हे मॅग्नेशियमचं मीठ बद्धकोष्ठाला उत्तम, मीही रोग्यांना देतो. अप्पा मात्र ते सर्दीला, डोकेदुखीला, मुरगळलेल्या पायालासुद्धा घेत. मुलगी द्यायच्या आधी त्यांनी माझी पदवी विचारली नाही, पत्रिकाही धड पाहिली नाही. म्हणाले, "पोट साफ होतं ना?"

मी हो म्हटलं. लग्न ठरलं.

*

एकदा शेजारच्या देवळात कीर्तन होतं आणि बुवांचा घसा बसला होता. अप्पांनी मोठ्या प्रेमानं पेलाभर पाण्यात मीठ विरघळवून त्यांना पाजलं. बुवांनी पूर्वरंग झकास रंगवला. उत्तररंगाला नुसता पेटीवाला उरला होता.

*

एकादशीला सैंधवाखेरीज मीठ चालत नाही, अशी माईंची, म्हणजे सासूबाईंची हरकत. अप्पांनी शांतपणे पेला रिकामा केला.

"जे पोटात राहतच नाही, ते खाल्लं असं कसं म्हणायचं?"

*

यंदा पावसाळ्यानंतर अप्पांचे पाय सुजले, तोंड फुगलं, लघवी कमी झाली. मी तपासलं आणि खरं सांगतो, घाबरलो.

"अप्पा, तुमची मूत्रपिंडं थकलीत. आता हे मीठ अंगाबाहेर पडत नाही, साचतं. हातपाय गळतील, गुंगी येईल, शेवटी श्वास थांबेल."

"आमच्या घरात आजवर काही साचलेलं नाही," अप्पा म्हणाले, "हे मीठ कुठून साचणार?"

माईंनी बाटली लपवली, अप्पांनी दुसरी आणली. माई माझ्यापुढे रडल्या. तो माणूस मलाही हवा होता.

*

मग आला आमचा पहिला दिवाळसण. जावयानं पानावर रुसून बसायचं आणि सासऱ्यानं मागेल ते द्यायचं, ही रीत तुम्हाला ठाऊक आहेच. मी पानाला हात लावला नाही, म्हणून सगळी पंगत खोळंबली. अप्पा खुशीत हसले.

"मागा जावईबापू. काय हवं?"

"मिठाची बाटली. आणि दुसरी आणणार नाही असं वचन."

अप्पांनी मदतीसाठी माईंकडे पाहिलं, तर माई बाटली घेऊन माझ्या पाटाशी उभ्याच होत्या. चारचौघांत जावयाला नाही कसं म्हणणार? अप्पांनी पळीभर पाणी सोडलं आणि पुटपुटले, "दिलं." मी पहिला घास घेतला.

जेवण संपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. हात धुताना मात्र हळूच जवळ आले.

"घड्याळ मागायचंत की हो. साखळीसकट दिलं असतं."