पुसलेले कंस

परतूरला एक गुरुजी पॅसेंजरमध्ये चढले आणि माझ्या हातातलं गणिताचं पुस्तक पाहून शेजारीच बसले. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बोलता बोलता तळहातावर खडूसारखं बोट फिरवायची त्यांना सवय होती.

उद्या पोरांना अवयव पाडायला द्यायचे म्हणून त्यांनी फळ्यावर दोन कंस गुणून एक लांबलचक बहुपदी बनवली होती. बहुपदी तेवढी चिठ्ठीवर उतरवली आणि फळा पुसला. कंसही गेले.

"गुणलं तं जल्दी झालं," ते हसत म्हणाले. "आता तोडायला बसलो, तं तुटून न्हाई राह्यलं."

त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली. बहुपदीतला शेवटचा आकडा सहा होता. मी x च्या जागी एक, दोन, तीन, सहा घालून पाहिले, तेच उणे करूनही पाहिले. कुठंच शून्य येईना.

"हिचे अवयवच पडत नाहीत," मी वैतागलो.

"पडतेत की. मीच गुणलेत." त्यांनी शेंगांची पुडी पुढं केली. "कोनते, तेवढंच ठाऊक न्हाई."

मग मी शून्याचा नाद सोडला. दोन्ही कंस x च्या वर्गाचे धरले, सहाचे दोन आणि तीन केले आणि मधले आकडे जुळवत बसलो. जालन्याला गुरुजी उतरले आणि तेव्हाच आकडे जुळले. मी खिडकीतून दोन्ही कंस ओरडून सांगितले. फलाटावर त्यांचं बोट तळहातावर भराभर फिरलं. शोधायला आम्हाला परतूर ते जालना लागलं होतं. पडताळून गाडीची शिट्टी व्हायच्या आत झालं.

"बराबर," ते म्हणाले, आणि उरलेल्या शेंगा समोरून येणाऱ्या अनोळखी हमालाच्या ओंजळीत ओतल्या.