ब्लो म्हणजे फुंका

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जळगावच्या एका दवाखान्यात आम्ही श्वासाच्या तपासणीसाठी रांगेत होतो. माझ्यापुढे असोद्याची ही अक्का. तपासणी झाल्याशिवाय तिचं ऑपरेशन होणार नव्हतं. आतली सिस्टर तिच्या तोंडात नळी देऊन "ब्लो, ब्लो!" ओरडायची आणि अक्का घाबरून श्वास आत ओढायची. शेवटी सिस्टरने तिला बाहेर बसवलं. पदराने तोंड पुसत ती माझ्याकडे झुकली.

"बापू, ब्लो म्हनजे काय रे?"

"फुंका, अक्का."

"मंग असं सांगा ना! जल्मभर चूल फुंकली मी!"

पदर खोचून ती आत गेली आणि तिने असं फुंकलं, की सिस्टरने टाळीच वाजवली.

मग माझा नंबर. मी दमेकरी माणूस, निम्म्यातच छाती रिकामी झाली. तेवढ्यात दारातून आवाज कडाडला, "थांबू नको बापू, चूल विझीन! ब्लो!"

कुठून कोण जाणे, पण दम आला. स्क्रीनवरची रेघ सरसर वर चढली.

अक्का कमरेवर हात ठेवून रांगेकडे वळली. "पास झाला! चला, आता कोनाचा नंबर? ब्लो म्हनजे काय, ते आधी माह्याकडून शिकून घ्या."