बारा वाजले की पोचलो

आमचे भाऊजी कुणाकडे सरळ बघायचे नाहीत. बोलायचे तुमच्याशी आणि बघायचे तुमच्या कानामागे, नाहीतर खांद्यावरून पलीकडे. नवख्या माणसाला वाटायचं, काय उर्मट आहे हा. खालच्या मजल्यावरच्या नीताबेननं तर मला दारात गाठून विचारलं होतं, "तुमचे दीर असे तिरके तिरके का बघते? मला लिफ्टमध्ये बरं नाय वाटत." मी म्हटलं, "अगं बाई, तू दिसावीस म्हणून ते दुसरीकडे बघतात." तिला काही कळलं नाही. आता तिचाही काय दोष म्हणा. भाऊजींच्या डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं आणि कडेकडेचं तेवढं उरायचं. माझं तोंड बघायचं तर त्यांना माझ्यामागच्या कॅलेंडरकडे बघावं लागे.

भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले, मुलुंडला. नोकरी विमानतळावर, पण विमानातली नव्हे. आतल्या मैदानात प्रवाशांना विमानाच्या शिडीपर्यंत नेणारी बस असते ना, ती चालवायचे. "जन्मभर लोकांना शिडीपर्यंत सोडलं, वहिनी. वर काय असतं ते देवाक ठाऊक," असं मालवणीत घोळवून म्हणायचे आणि हसायचे. स्वतः एकदाही विमानात बसले नव्हते. मग डोळ्यांच्या तपासणीत दोष निघाला आणि बस काढून घेतली. ड्रायव्हर माणसाचे डोळे गेले म्हणजे काय गेलं, ते मी वेगळं सांगायला नको. त्या दिवशी घरी आले, हातपाय धुतले, जेवले आणि म्हणाले, "आजपासून मी पण प्रवासी."

माझा मुलगा निखिल कॅनडाला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर, मोठा पडदा आणि विमान चालवायचा तो दांडा मागे राहिला. घरबसल्या विमान उडवायचा खेळ. सिम्युलेटर म्हणतात त्याला. भाऊजींचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्या टेबलाशी गेलं. खुर्ची टेबलाला आडवी लावायचे, तोंड भिंतीकडे आणि विमान डोळ्याच्या कोपऱ्यात. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, हा माणूस भिंतीशी भांडतोय. दुपारी आमच्या खोलीतून इंजिनाची घरघर सुरू झाली की नीताबेन खालून ओरडायची, "वहिनी, आज फ्लाइट लेट आहे काय? झोपू द्या ना यार!"

त्या खेळात विमानं म्हणाल ती होती. मोठी जेट, हेलिकॉप्टर, लढाऊ, सगळी. भाऊजींचं एकच, डाकोटा. जुनं, दोन पंख्यांचं, पोट सुटलेलं. या डाकोटाचं तिसरं चाक शेपटीला असतं, त्यामुळे जमिनीवर उभं राहिलं की शेपूट खाली आणि नाक आभाळात. चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. मग जरा डावीकडे वळायचं, बाजूच्या खिडकीतून बघायचं, जरा उजवीकडे वळायचं, बघायचं, असं नागमोडी जायचं. भाऊजींना हे समजलं तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. "गो वहिनी, हे माझंच विमान! याला समोरचं दिसत नाही, तरी सगळं जग फिरून आलं." निखिलनं फोनवर सांगितलं, "काका, नवीन विमान घ्या ना, बटण दाबलं की आपोआप उतरतं." भाऊजी म्हणाले, "आपोआपच उतरायचं तर मी कशाला पाहिजे रे?"

मी त्यांच्या शेजारी मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करत बसायची. तिथून मी या धंद्यात ओढली गेले. घड्याळासारखी एक तबकडी असते, उंची सांगणारी. तिच्यातले काटे भाऊजींना दिसेनासे झाले. म्हणाले, "वहिनी, जरा वाच." मी चष्मा कपाळावर चढवला आणि वाचलं, "साडेबारा." भाऊजी दचकले, "काय साडेबारा?" म्हटलं, "छोटा काटा बाराच्या जरासा पुढे, मोठा काटा खाली सहावर. साडेबाराच झाले की!" ती तबकडी दहा आकड्यांची असते, वर शून्य असतं, हे मला कुणी सांगितलं होतं? भाऊजी पोट धरून हसले. मग हसता हसताच बोटांवर हिशेब करून म्हणाले, "पाचशे फूट. वहिनी, बरोबर आहे तुझं. तू असंच वाच."

तेव्हापासून आमच्या घरात उंची फुटांत मोजली नाही. उतरताना मी सांगायची, एक वाजला. मग पाऊण. मग साडेबारा, सव्वाबारा. दोन्ही काटे वर येऊन जुळले की बारा, म्हणजे जमीन. उलटं चालणारं घड्याळ आमचं. बाहेर लोकांचे बारा वाजतात तेव्हा वाट लागलेली असते, आमचे बारा वाजले की आम्ही पोचायचो. निदान पोचायचं असं ठरलेलं होतं. सुरुवातीला बारा वाजायचे ते विमानासकट.

भाऊजींचा रस्ता ठरलेला. मुलुंडवरून निघायचं, मिठागरांवर एक फेरी, पवईचं तळं डाव्या पंखाखाली, मग समुद्रावर जाऊन मागे वळायचं आणि जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं. समुद्राची चमक त्यांना कोपऱ्यातून दिसायची, तीच खूण. त्यांचं एक वाक्य होतं. पुढची चाकं लागली की मी आनंदानं म्हणायची, "पोचलो!" तर म्हणायचे, "शेपूट टेकल्याशिवाय पोचलो म्हणू नये. डाकोटा शेपटावर मरतं, चाकं लागल्यावरही गिरकी घेतं."

एकदा विमान छान येत होतं. वर्सोवा मागे गेलं, भाऊजी गुणगुणत होते. त्या आठवड्यात डाग आणखी पसरल्याचं निघालं होतं आणि डोळ्यात सुई घेऊन आले होते ते. डोळ्यात सुई म्हणजे बुबुळाच्या शेजारी खरोखरची सुई हो. किती तरी दिवसांनी गुणगुणत होते. मी बघितलं तर काटा भराभर खाली येत होता. सव्वाबारा झाले होते. त्यांचा आनंद मोडवेना म्हणून मी म्हटलं, "साडेबारा." दुसऱ्या क्षणी पडदाभर पाणी झालं.

भाऊजी माझ्यावर तेव्हा एकदाच चिडले. "साडेबारा होते?" "नव्हते." "मग?" ते भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "वहिनी, ज्याला दिसत नाही त्याच्याशी गोड बोलायचं नसतं. खरं बोलायचं असतं. दादाशी आपण सगळे गोड बोललो."

दादा म्हणजे माझे हे. हॉस्पिटलात नळ्या लावून पडले होते तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्यांना रोज सांगितलं, उद्या घरी जायचंय. डॉक्टरांनी आशा सोडली होती. हे डोळ्यांनी विचारत राहिले आणि आम्ही उद्या उद्या करत राहिलो. कुणाचा निरोप घेता आला नाही त्यांना. घरी जायचंय म्हटल्यावर कोण निरोप घेतो?

"दादा वरच्या वर लटकला गो," भाऊजी म्हणाले. "खाली जमीन आलीय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. माझ्या वेळी असं करू नको. मी विचारीन, किती वाजले? खरं सांगायचं. बारा तर बारा." मी म्हटलं, "काहीतरी अभद्र बोलू नका, शेगडीवर दूध आहे." आणि आत गेले. दूध कसलं, शेगडी बंद होती.

पण त्यानंतर मी तबकडी खरीच वाचली. कितीदा तरी आपटलो. आणि एका दुपारी उतरलो. एक, पाऊण, साडेबारा, सव्वाबारा. भाऊजींना तोपर्यंत समुद्राची चमकसुद्धा दिसत नव्हती. सगळं माझ्या आवाजावर होतं. मी म्हटलं, "बारा!" चाकं लागल्याचा आवाज आला. त्यांनी विचारलं, "शेपूट?" मी बघत राहिले. नाक हळूहळू वर उठलं, धावपट्टी दिसेनाशी झाली, नुसतं आभाळ उरलं. "टेकलं," मी म्हटलं. त्यांनी इंजिनं बंद केली. पंखे थांबले. मग त्यांनी टेबलाच्या कडेवर उजवा अंगठा दाबला, बसचं दार उघडायचं बटण दाबतात तसा, आणि रोज ड्युटीवर म्हणायचे तसं म्हणाले, "सावकाश उतरा. सामान विसरू नका." मी रडले. ते म्हणाले, "प्रवाशांनी रडू नये. पुढच्या वेळेस बसत नाहीत मग."

पुढची वेळ फार आली नाही. डोळे पूर्ण गेले आणि भाऊजी सुकतच गेले. मग छातीत पाणी झालं. जवळच्याच एका हॉस्पिटलात ठेवलं. ह्यांच्यासारख्याच नळ्या, तोच वास. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, "आजी, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवा." कुणाला बोलवणार? निखिलला फोन लावला. तो तिकडे रडायला लागला आणि म्हणाला, "आई, काकांना काही सांगू नको हं." मी फोन ठेवून दिला.

आत आले. भाऊजींनी पावलं ओळखली. तोंड भिंतीकडे वळवलं. दिसत नव्हतं तरी सवय गेली नव्हती. हळू म्हणाले, "किती वाजले गो?"

नर्स औषध देत होती. चांगली मुलगी होती. ती म्हणाली, "सव्वाचार, काका."

भाऊजींच्या कपाळाला आठी पडली. "तुला नाही विचारलं बाळा. वहिनीला विचारलं."

मी स्टुलावर बसले, त्यांचा हात हातात घेतला. तोंडात येत होतं, एक वाजलाय भाऊजी, अजून पुष्कळ वर आहोत, उद्या घरी जायचंय. मला ह्यांचे डोळे आठवले. मी म्हटलं, "साडेबारा झाले, भाऊजी."

त्यांचा श्वास मोठा झाला. मला वाटलं घाबरले. घाबरले नव्हते. हातातला हात सैल झाला. मग एकेक करून बोलायला लागले. निखिलला सांग, कॉम्प्युटर विकू नको. नीताबेनला सांग, झोपमोड केली, माफ कर. दादाचा फोटो जरा खाली लाव, तुझी मान दुखते बघताना. आणि मला म्हणाले, "वहिनी, तू होतीस म्हणून मी शिडी चढलो." दम लागायचा, थांबायचे, परत बोलायचे. माझ्या नवऱ्याला जे बोलायला मिळालं नाही ते सगळं भाऊजी बोलून घेत होते. नर्स पडद्याआड जाऊन उभी राहिली.

"सव्वाबारा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ नुसता श्वास. मध्ये थांबायचा, परत यायचा. प्रत्येक वेळी वाटायचं, आता. मरणाऱ्या माणसाला बारा वाजले म्हणून कोण सांगतं हो? आपल्यात तर घरातून निघतानासुद्धा 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. ते वाट बघत होते. ओठ हलले, आवाज नव्हता, पण मला समजलं. गो वहिनी, बोल.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "बारा, भाऊजी. चाकं लागली."

ते थांबले. मला ठाऊक होतं कशासाठी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कपाळावरची आठी हळूहळू गेली, हनुवटी जराशी वर उचलली गेली.

"शेपूट टेकलं," मी म्हटलं. "पोचलो."

चादरीवर त्यांचा उजवा अंगठा एकदा दाबला गेला.

नर्स आली, नाडी बघितली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहून घेतली. लिहू दे. आमच्याकडे बारा वाजले होते.